तांबीचे आठ महिने

२०२२ च्या श्रावणात तांबीचे पाणी पिणे वाढले आणि ते माझ्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले. तिचे जर्मनचे पातेले मागच्या पडवीत असे. सकाळी एकदा भरले की ते संध्याकाळपर्यंत पुरायचे. आता ते दुपारच्या चहाआधीच कोरडे दिसू लागले. पावसाळ्याच्या दिवसांत कुत्र्याला एवढी तहान का लागावी, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण शेजारची मांजरे पीत असतील असे समजून मी पातेले पुन्हा भरत राहिले. मग एका रात्री तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लघवी केली. तेरा वर्षांत असे कधीही झाले नव्हते. पहाटे मी दिवा लावला तेव्हा ती कान पाडून, भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्या त्या उभे राहण्यावरूनच मला कळले की हे नुसते म्हातारपण नाही.

तांबी ही आमची गावठी कुत्री. २००९ च्या उन्हाळ्यात यजमानांनी तिला साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्याच्या फाटकाजवळून भाजीच्या पिशवीत घालून आणले होते. तेव्हा ती दोन तळहातांवर मावत होती. यजमान २०१७ मध्ये गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि घरात तांबी आणि मी अशा दोघीच उरलो. त्यामुळे दवाखान्यात जाताना रिक्षात तिचे डोके माझ्या मांडीवर होते तेव्हा माझ्या मनात काय काय येऊन गेले असेल, ते सांगायला नको. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे आपल्याकडे म्हणतात.

डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले, माझ्या मुलीच्याच वयाचे. त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, सोनोग्राफी केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला समोर बसवून सगळे नीट समजावले. मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात त्या कचऱ्यातला एक घटक म्हणजे क्रिएटिनिन; तांबीचे ते ३.४ आले होते. मूत्रपिंडांची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद संपेपर्यंत हा आकडा कुत्र्यांमध्ये फारसा वर जात नाही, म्हणून आजार कळतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात, आणि २.९ ते ५ हे क्रिएटिनिन म्हणजे तिसरी पायरी. निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी जास्त होते, आणि ते भरून काढायला जनावर सारखे पाणी पिते. पातेले रिकामे होण्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

“हे बरे होणारे नाही, पण सांभाळता येण्यासारखे आहे,” असे ते म्हणाले. मी विचारले, “किती दिवस?” त्यावर ते थोडे थांबून म्हणाले, “आकडा सांगितला तर तुम्ही तोच मोजत बसाल, काकू.”

ते मला ओळखत नव्हते, तरी त्यांनी नेमके बोट ठेवले. मी एकतीस वर्षे सहकारी बँकेच्या हिशेब खात्यात काढली आहेत. आकडे जुळले की मला झोप लागते. यजमानांच्या आजारपणात शेवटचे तीन महिने आम्ही पुण्यातल्या एका रुग्णालयात होतो, आणि तिथे मी एक जाड फाइल केली होती. रोजचे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, औषधांच्या वेळा, बिले, सगळे तारखेवार लावलेले असे. नातेवाईक कौतुक करायचे, डॉक्टरही विचारायचे की कालचा रिपोर्ट काय होता, आणि मी क्षणात सांगायची. त्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी त्यांचे हिमोग्लोबिन ७.२ होते, हे मी आजही सांगू शकते. त्याच मंगळवारी संध्याकाळी ते माझ्याशी अर्धा तास काहीतरी बोलत होते, खिडकीबाहेर पाऊस पडत होता, आणि मी उद्याच्या रक्ताच्या बाटल्यांसाठी फोन लावत होते. ते काय बोलत होते ते मला आठवत नाही. हे मी आजवर मुलीलाही सांगितलेले नव्हते.

तांबीसाठीही मी दुसऱ्याच दिवशी नवी वही घातली.

पहिले चार दिवस तिला दवाखान्यात शिरेतून सलाइन दिले. त्यानंतर दिवसाआड घरीच कातडीखाली सलाइन द्यायचे ठरले, आणि ते मला शिकायचे होते. रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची बाटली, तिला लावायची नळी आणि अठरा नंबरची सुई. बाटली टांगायला उंच जागा हवी होती. माजघरात झोपाळ्याच्या कड्या आहेत. झोपाळा काढून ठेवला आणि एका कडीला बाटली अडकवली. बाटली आधी बादलीतल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवायची, कारण गार पाणी कातडीखाली गेले की जनावराला हुडहुडी भरते. नळीतली हवा काढून टाकायची. मग दोन्ही खांद्यांच्या मध्ये मानेखालची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची, सुईचे तिरके तोंड वर ठेवून ती त्या तंबूच्या पायथ्याशी आत घालायची आणि नळीवरची चक्री सोडायची. दोनशे मिलिलिटर जायला आमच्याकडे पंधरा ते वीस मिनिटे लागत. कातडीखाली पाण्याचा उंचवटा येतो, दुपारपर्यंत तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो, आणि संध्याकाळपर्यंत शरीर तो शोषून घेते.

लिहायला हे चार वाक्यांचे काम आहे. पहिल्या दिवशी माझी सुई कातडीच्या एका घडीतून शिरून दुसऱ्या घडीतून बाहेर आली, आणि सगळे सलाइन तांबीच्या केसांवरून फरशीवर सांडत राहिले. माझे हात इतके कापत होते की मला चक्री बंद करता येईना. मला रडू आले. तांबीने मान वळवली, आपल्या खांद्यावरचे ओले केस हुंगले, दोनदा चाटले, आणि मग माझे मनगटही चाटले, कारण तेही ओले झाले होते. त्यानंतर तिने अंग झाडले आणि ती खिडकीखालच्या कवडशात जाऊन पडली. मी मात्र फरशी पुसता पुसता परवाच्या सुईचा, पुढच्या आठवड्यातल्या सुयांचा आणि माझ्याने हे जमले नाही तर काय होईल याचा विचार करत राहिले. दुपारी जेवण गेले नाही. तिचा त्रास वीस मिनिटांचा होता. माझा दोन दिवस पुरला.

माजघराची खिडकी पूर्वेची आहे. सकाळी आठच्या सुमारास शहाबादी फरशीवर उन्हाचा लांबट तुकडा पडतो, तो हळूहळू सरकत देवघराच्या पायरीकडे जातो आणि साडेदहाला नाहीसा होतो. सलाइन झाल्यावर तांबी त्या उन्हात झोपायची आणि ऊन सरकले की तीही सरकायची. पूर्ण उठायची नाही; आधी पुढचे पाय पुढे टाकायची, मग मागचा भाग ओढून घ्यायची, आणि पुन्हा डोके खाली. अडीच तासांत ती अशी चार-पाच वेळा जागा बदलत देवघरापाशी पोहोचायची. ऊन गेले की ती उठून पाणी प्यायची. मी या घरात तीस वर्षांहून अधिक काळ राहत आहे, पण तो कवडसा कुठून निघतो आणि कुठे संपतो हे मला ठाऊक नव्हते.

खाण्याचा प्रश्न सुईपेक्षा अवघड निघाला. या आजारात फॉस्फरस कमी द्यावा लागतो, म्हणून दूध, हाडे, मटणाचे पाणी बंद झाले. भात, अंड्याचे पांढरे, दुधी भोपळा आणि डॉक्टरांनी दिलेला खास कोरडा खाऊ एवढेच राहिले. रक्तातली घाण वाढली की मळमळ होते. तांबी ओठ चाटू लागली की ते मळमळीचे लक्षण आहे हे मी शिकले. त्या दिवशी ती ताटलीकडे पाठ करायची आणि मी वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरायची. नामदेवांची गोष्ट लहानपणी आजीने सांगितली होती: कुत्रे कोरडी भाकरी घेऊन पळाले तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्यांच्या धावण्यात प्रेम होते. माझ्या फिरण्यात भीती जास्त होती, आणि मला वाटते कुत्र्याला ती वासाने कळते. मी जितकी मागे लागे तितकी ती पलंगाखाली सरके. वाटी खाली ठेवून मी स्वतः जेवायला बसले की दहा मिनिटांनी तिच्या चाटण्याचा आवाज यायचा. सगळ्याच वेळी नाही, पण बरेचदा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पाळीव प्राण्यांबद्दल अनेक जण भाबडेपणाने असे लिहितात की त्यांना काल नसतो आणि उद्याही नसतो. हे खरे नाही. बुडापेस्टच्या इओत्वोस लोरांद विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने केलेली कृती हुकूम मिळताच करून दाखवायला शिकलेली कुत्री त्यांनी घेतली. मग कृती काहीही पाहिली तरी नुसते जमिनीवर आडवे पडायचे, असे त्यांना शिकवले. आणि एके दिवशी अचानक ‘कर’ असा हुकूम दिला. आपल्याला हे विचारले जाईल अशी अपेक्षा नसतानाही त्यांतल्या अनेक कुत्र्यांनी पाहिलेली कृती करून दाखवली. काही वेळा तर मध्ये तासभर गेलेला असताना. म्हणजे कुत्री सहज पाहिलेलेही लक्षात ठेवतात. आणि तांबीला पुढचेही कळत होते. दिवाळीत वसुबारसेला गल्लीत पहिला फटाका वाजला की नंतरचे पाच दिवस, आवाज नसतानाही, तिन्हीसांजेपासून ती न्हाणीघरात जाऊन बसायची. यजमानांची जुनी लुना विकली गेली तरी कितीतरी महिने तसला आवाज आला की ती फाटकाशी जायची. तिला स्मरण होते, भीती होती, वाट पाहणेही होते.

तिच्यात नव्हते ते एवढेच, की ती एका दुखण्यावर दुसरे रचत नव्हती. सुई टोचली की ती कण्हायची, आणि सुई निघाली की ते कण्हणे संपायचे. बादलीत बाटली ठेवल्याचा आवाज आला की ती ओळखायची, कान मागे घ्यायची, कधी पलंगाखालीही जायची. पण हाक मारली की यायची आणि आपली जागा धरून बसायची. शंभराहून अधिक वेळा मी तिला टोचले. त्यातल्या एकाही वेळचा राग तिने संध्याकाळच्या फिरण्यापर्यंत नेला नाही.

नोव्हेंबरात क्रिएटिनिन ३.१ आले. मी आनंदाने मुलीला फोन केला, आणि त्याच आठवड्यात तांबी सलग तीन दिवस उलट्या करत होती. तोंडात व्रण आले होते, श्वासाला अमोनियासारखा वास येत होता. जानेवारीत आकडा ४.६ झाला. तो रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी वही उघडून मागचे आकडे ओळीने मांडले, महिन्याला किती वाढ झाली ते काढले, आणि पाच कधी ओलांडेल याचा हिशेब करू लागले. इतक्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला आकडा सांगत असताना ती मध्येच म्हणाली, “आई, मागे बघ ना, तांबी काय करतेय!” मी वळून पाहिले. परसात चिंचेखाली तांबी खड्डा उकरत होती. पुढचे पाय भराभर चालत होते, मातीचे फवारे मागे उडत होते, नाकाला लाल माती लागली होती, आणि मधेच थांबून ती खड्ड्यात तोंड घालून जोरात श्वास घ्यायची आणि शेपूट हलवायची. दोन-तीन महिन्यांत मी तिला असे पाहिले नव्हते. आणि ती माझ्यापासून बारा फुटांवर असून मी पाहिले नसतेच, पुण्याहून मुलीने सांगितले म्हणून पाहिले.

मी फोन ठेवून परसात गेले आणि तिच्याजवळ दगडावर बसले. ती दमेपर्यंत उकरत राहिली. खड्ड्यात काही नव्हते. त्या अर्ध्या तासात मला तो मंगळवार आठवला, खिडकीबाहेरचा पाऊस आणि यजमानांचा आवाज, शब्दांशिवाय.

त्यानंतर मी वही टाकून दिली, असे मात्र नाही, आणि ज्यांच्या घरी आजारी जनावर आहे त्यांना मी तसे करायला सांगणारही नाही. बाटल्या कुणीतरी आणायच्या असतात, गोळ्या संपायच्या आधी मागवायच्या असतात, रक्त वेळेवर तपासायचे असते. ते तांबी करणार नव्हती. मी एवढेच केले की सगळा हिशेब रविवारी सकाळी एक तासात करायचा आणि वही कपाटात ठेवून द्यायची. उरलेल्या दिवसांसाठी कालनिर्णय होते. दुधाचा हिशेब मी त्याच्या चौकोनांत लिहिते. त्याच चौकोनात सलाइन दिले की एक टिंब, आणि दिवस तिला बरा गेला की एक टिंब अधिक. सोमवारी वहीची आठवण यायची, मंगळवारीही यायची. तेव्हा मी मुद्दाम तिच्या अंगावर हात ठेवायची आणि तिचा श्वास मोजायची. मोजायची सवय सुटत नव्हती, म्हणून निदान समोर आहे ते तरी मोजावे. झोपेत मिनिटाला अठरा, कधी वीस.

आमचे फिरणेही बदलले. पूर्वी आम्ही अजिंक्यताऱ्याच्या बाजूने ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत जात असू आणि मला ते चालणे म्हणून हवे असे. साखर वाढू नये यासाठी मला डॉक्टरांनी चाळीस मिनिटे सांगितली होती. आता चाळीस मिनिटांत आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत जेमतेम पोहोचायचो. खांबाच्या बुंध्याशी ती पाच-सहा मिनिटे उभी राहायची. आधी वरवर हुंगायची, मग एका जागी नाक रुतवून, नाकपुड्या बाजूला फाकवत, भराभर लहान श्वास घ्यायची, मग थांबायची, जणू आत काहीतरी पोहोचू देत आहे, आणि पुन्हा तिथेच. रात्री कोण येऊन गेले, कोणत्या वाटेने गेले, हे सगळे तिथे लिहिलेले असणार. पूर्वी मी दोरी ओढायची. फेब्रुवारीत मी ओढणे बंद केले आणि उभी राहू लागले, आणि उभे राहिल्यावर समोरच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचे रोप रुजले आहे हे दिसले, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार रोज याच वेळी उदबत्ती लावतात हे कळले, आणि त्यांच्या आईची विचारपूस करता आली. त्या गृहस्थांशी माझे तीस वर्षांत सुट्या पैशांखेरीज बोलणे झाले नव्हते.

गुढीपाडव्यानंतर टिंबे विरळ झाली. वजन सतरा किलोवरून तेरावर आले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले की आता पथ्य राहू द्या, तिला आवडेल ते द्या. मी कंदी पेढे आणले. खमंग भाजलेल्या खव्याचा तो वास आला की पूर्वी ती पिशवीला नाक लावून घरभर मागे यायची. त्या दिवशी तिने चिमूटभर पेढा माझ्या बोटावरून चाटला, डोळे मिटून, आणि दुसऱ्या चिमटीसाठी नाक पुढे केले. तो दिवस मी कालनिर्णयात टिंबाने नाही, शब्दाने लिहिला आहे: पेढा.

त्यानंतर तीन दिवस तिने काही खाल्ले नाही आणि पाणीही ओकून टाकले. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी आले. त्यांनी मला सगळे आधी सांगितले: पहिले इंजेक्शन गुंगीचे, दुसरे शिरेतून भुलीच्या औषधाचे, मोठ्या मात्रेत, तिला कळणार नाही. मी विचारले की थोडा वेळ आहे का. ते म्हणाले, “काकू, मला घाई नाही.” नऊ वाजले होते, ऊन खिडकीखाली होते. तिला आता सरकता येत नव्हते, म्हणून मी तिच्याखालची सतरंजी कवडशाबरोबर हळूहळू ओढत राहिले. मुलगी आदल्या रात्रीच पुण्याहून आली होती. ती तिच्या कानामागे खाजवत होती. देवघराच्या पायरीपर्यंत आम्ही पोहोचलो तेव्हा मी डॉक्टरांना खूण केली. त्या दीड तासात मी काय काय पाहिले ते मला सगळे आठवते: तिच्या पापणीवरचा एकमेव पांढरा केस, पंज्यांचा भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा वास, आणि शेवटी मोकळा झालेला तिचा कान.

तीन बाटल्या आणि काही सुया उरल्या होत्या. मे महिन्यात डॉक्टरांचा फोन आला की करंज्याला एका घरी लॅब्रेडॉर कुत्र्याला हाच आजार निघाला आहे आणि घरच्या कॉलेजातल्या मुलीला सुई टोचायचे धाडस होत नाही. मी रिक्षा करून गेले. त्यांच्याकडे कडी नव्हती, म्हणून पडद्याच्या दांडीला बाटली टांगली. मुलीचे हात माझ्यासारखेच कापत होते. मी तिचा हात धरून कातडीची घडी कशी उचलायची ते दाखवले, आणि सुई दुसऱ्या बाजूने निघाली तर काय करायचे तेही सांगितले. कुत्र्याने एकदा कण्हून मान खाली टाकली. पाणी ठिबकू लागले तेव्हा ती मला विचारू लागली की हे किती महिने करावे लागेल. मी तिला म्हटले की परवा मी पुन्हा येते, तोवर बाटली कोमट करायला विसरू नकोस.